केलेले इतरांपुढे ठेवताना: मुलांचे शिकणे आणि ऑनलाइन देवाणघेवाण

शाळेच्या पालकसभेत मोबाइलचा विषय निघाला की बोलणे बहुधा तासांवर येऊन ठेपते. मुलाने दिवसातून किती वेळ फोन पाहावा, रात्री तो किती वाजता काढून घ्यावा, परीक्षेच्या महिन्यात द्यावा की नाही, यावर मते मांडली जातात. ही काळजी खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेणे योग्य नाही. परंतु तासांच्या हिशेबात एक मोठा फरक नजरेआड होतो. तासभर एकामागून एक लहान व्हिडिओ सरकवत पाहणारा मुलगा आणि त्याच तासात बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींविषयी माहिती गोळा करून, ती स्वतःच्या शब्दांत लिहून, दोन मिनिटांची ध्वनिफीत तयार करून वर्गमित्रांना ऐकवणारा मुलगा, या दोघांचाही वेळ आपण एकाच मापाने मोजतो. शिकण्याच्या दृष्टीने पाहिले तर या दोन तासांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

मुलांनी स्वतः काही तयार करणे, ते इंटरनेटच्या आधाराने इतरांपुढे ठेवणे, त्यावर आलेला प्रतिसाद ऐकणे आणि इतरांनी केलेल्या कामावर आपले काम उभारणे, या साखळीतून शिकणे पक्के कसे होते, हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे. या साखळीतील सर्वांत मोलाची कडी तंत्रज्ञानाची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण केलेले कुणीतरी खरोखर वापरणार आहे, वाचणार आहे, त्यातील चूक दाखवणार आहे, ही जाणीव हीच ती कडी होय. इंटरनेटने केले ते इतकेच की, पूर्वी थोड्यांना मिळणारा असा वाचक किंवा श्रोता आता बडोद्याजवळच्या डभोईच्या किंवा पादऱ्याच्या मुलालाही मिळू शकतो.

प्रथम मनात काय घडते ते पाहू. नॉर्मन स्लॅमेका आणि पीटर ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, नुसता वाचलेला शब्द आणि अर्धवट सूचनेवरून स्वतः पूर्ण केलेला शब्द, या दोहोंत दुसरा अधिक चांगला लक्षात राहतो. १९८९ मध्ये मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्रातील सोडवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. ज्यांना पुढे नवी गणिते चांगली सोडवता आली, ते विद्यार्थी उदाहरण वाचताना प्रत्येक पायरीला ‘हे असे का झाले’ याचे उत्तर स्वतःलाच समजावत होते, असे त्यांना आढळले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. त्यात काहींना सांगितले गेले की वाचलेला उतारा पुढे तुम्हाला दुसऱ्याला शिकवायचा आहे, तर काहींना सांगितले गेले की त्यावर परीक्षा होईल. प्रत्यक्षात कुणालाही शिकवायला लावले नाही. तरीही शिकवण्याच्या तयारीने वाचणाऱ्यांना मजकूर अधिक आठवला आणि तो अधिक सुसंगत मांडता आला.

असे का होते, हे एका साध्या उदाहरणातून कळते. ‘वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहून सातवीतल्या मुलाला पूर्ण गुण मिळू शकतात. तेच त्याला चौथीतल्या चुलत भावासाठी चित्रांसह समजावून द्यायचे असेल, तर ‘मग रात्री झाड उपाशी राहते का’ हा प्रश्न समोर येतो आणि आपल्याला उत्तर येत नाही हे त्याच्या लक्षात येते. परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते, त्यामुळे मधल्या गाळलेल्या जागा तो मनातल्या मनात भरून घेतो. अनोळखी वाचक तसे करत नाही. त्याच्यासाठी लिहिताना गाळलेली प्रत्येक जागा उघडी पडते, आणि ती भरण्यासाठी मुलाला पुन्हा पुस्तकाकडे किंवा बाईंकडे जावे लागते.

मगरीचा खेळ

आता निर्मितीचे एक उदाहरण जवळून पाहू. ‘स्क्रॅच’ ही मुलांसाठी तयार केलेली संगणकीय भाषा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील मिचेल रेझ्निक यांच्या गटाने २००७ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. तिच्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडले की पडद्यावरचे पात्र हलू, बोलू, उड्या मारू लागते. समजा, कारेलीबागेत राहणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने नदीत पोहणाऱ्या मगरीचा खेळ करायला घेतला. मगर डावीकडून उजवीकडे जाते, पडद्याच्या कडेला आपटते आणि परत फिरते, पण परत येताना ती पाठीवर उलटी होऊन पोहू लागते. स्क्रॅच वापरणाऱ्या बहुतेक नवशिक्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. ही मुलगी तासभर ठोकळे बदलून पाहते, पण मगर काही सुलटी होत नाही.

मग ती इतरांनी केलेले माशांचे, गाड्यांचे खेळ उघडते. स्क्रॅचवर प्रकाशित केलेल्या कुठल्याही प्रकल्पाच्या आत डोकावून त्याचे सगळे ठोकळे पाहता येतात. दुसऱ्या कुणाचा मासा परत फिरताना सरळ राहतो, तेव्हा त्याने कोणता ठोकळा वापरला आहे हे ती शोधते. पात्राने पूर्ण गोल वळायचे की केवळ डावी-उजवी बाजू बदलायची, हे ठरवणारा एक ठोकळा तिला सापडतो. तो लावताच मगर सुलटी होते. या धडपडीत तिला दोन गोष्टी कळल्या. १८० अंशांत वळणे आणि आरशातल्यासारखे उलटणे यांत फरक आहे, ही भूमितीतली गोष्ट तिला फळ्यावरच्या आकृतीविना समजली. शिवाय, एखादी गोष्ट जमत नसेल तेव्हा ती ज्याला जमली आहे त्याचे काम उघडून कसे वाचायचे, हेही तिला समजले. माझ्या मते दुसरी शिकवण अधिक टिकाऊ आहे.

तिने खेळ प्रकाशित केल्यावर दुसऱ्या देशातला एखादा मुलगा त्याची प्रत घेऊन त्यात बेडूक किंवा गुण मोजण्याची सोय घालू शकतो. अशा नव्या आवृत्तीवर मूळ प्रकल्प कुणाचा होता, याची नोंद आपोआप होते आणि कुठल्या कामातून कोणते काम निघाले, हेही पाहता येते. आपल्या मगरीला बेडूक खायला मिळालेला पाहून त्या मुलीला जो आनंद होईल, तो प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्याने होणाऱ्या आनंदाहून निराळा आहे, कारण तिच्या कामाचे कुणीतरी पुढे काहीतरी केले आहे.

या मांडणीमागे जुना विचार आहे. रेझ्निक यांचे गुरू सीमोर पेपर्ट यांनी बालमनाचे अभ्यासक जीन पियाजे यांच्यासोबत जिनिव्हात काम केले होते, आणि १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकीय भाषा तयार केली होती. मूल ज्ञान डोक्यात साठवत नाही तर रचते, हे पियाजे यांचे म्हणणे होते. पेपर्ट यांनी त्याला जोड दिली की, ही रचना सर्वांत चांगली तेव्हा होते जेव्हा मूल इतरांना दाखवता येईल, इतरांना त्यावर बोलता येईल, अशी एखादी प्रत्यक्ष वस्तू घडवत असते. ती वस्तू वाळूचा किल्ला असो, कविता असो की संगणकाचा खेळ असो.

मुलांना लगेच मोठे काही जमत नाही, म्हणून हा मार्ग सोडून देण्याचे कारण नाही. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये काम करता करता शिकण्याविषयी मांडलेल्या विचारात लायबेरियातल्या शिंप्यांच्या शागिर्दांचे उदाहरण येते. हे शागिर्द कापड बेतण्यापासून सुरुवात करत नाहीत. आधी तयार कपड्याची शेवटची कामे, म्हणजे हातशिलाई आणि काठ मोडणे त्यांच्या वाट्याला येते, मग शिवण आणि सर्वांत शेवटी बेतणे. चूक झाली तरी कपडा वाया जाऊ नये, अशा ठिकाणी नवख्याला खरे काम दिले जाते आणि काम करता करता पूर्ण कपडा कसा उभा राहतो हे तो पाहत राहतो. चांगल्या ऑनलाइन समूहांतही असेच घडते. नवखा आधी शुद्धलेखन सुधारतो, एखादे छायाचित्र जोडतो, दुसऱ्याच्या खेळातला रंग बदलतो, आणि हळूहळू स्वतःचे काम करू लागतो.

बडोद्याला ही गोष्ट नवी नाही

ज्ञान खुले केले की ते वाढते, हा विचार बडोद्याच्या मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात नेला. शाळेतून बाहेर पडलेला माणूस वाचण्याजोगे काही हाती न आल्यामुळे पुन्हा निरक्षर होऊ नये, म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून गावोगावी ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास आरंभ झाला. पुस्तकांच्या पेट्या एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत असत. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय त्याच काळाचे आहे.

संगीताचे उदाहरण तर आपल्या विषयाशी अधिकच जुळणारे आहे. मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली आणि गाणे कागदावर उतरवण्यासाठी स्वरलेखनाची पद्धती वापरली. पुढे १९१६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. घराण्यांच्या आत जपून ठेवलेल्या बंदिशी भातखंडे यांनी ठिकठिकाणच्या उस्तादांकडून मिळवल्या, स्वरलेखनासह छापल्या आणि कुठल्याही विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. त्यावर आक्षेपही घेतले गेले. गाणे कागदावरून येत नाही, गुरूसमोर बसावेच लागते, असे अनेकांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्यही होते. आजच्या ऑनलाइन शिक्षणाबाबत नेमका हाच वाद चालतो, म्हणून त्याची आठवण ठेवणे उपयोगाचे आहे. छापील बंदिशीने गुरूची जागा घेतली नाही. परंतु ज्याच्या गावात गुरू नव्हता त्याला तिने निदान दारापर्यंत आणून सोडले, आणि ज्याला गुरू होता त्याला दुसऱ्या घराण्याची बंदिश आपल्या बंदिशीशेजारी ठेवून पाहता आली.

राजवाडा आणि त्याचा पुरावा

मुलांच्या लेखनाला खरी धार कुठे येते, असे कुणी विचारले तर मी विकिपीडियाचे नाव घेईन. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि त्यावर कुणालाही लिहिता, सुधारता येते. अनेक शिक्षक विद्यार्थ्यांना तेथील माहिती उतरवून घेऊ नका, असे बजावतात, आणि ते योग्यच आहे. पण तेथे लिहायला लावणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे.

लक्ष्मीविलास राजवाड्याविषयी एखाद्या दहावीतल्या मुलाने लिहायला घेतले असे धरू. ‘हा जगातील सर्वांत सुंदर राजवाडा आहे’ हे त्याचे पहिले वाक्य कुणीतरी काढून टाकेल, कारण ते मत आहे, माहिती नाही. ‘हा राजवाडा बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट मोठा आहे’ हे दुसरे वाक्य त्याने शेकडो ठिकाणी वाचलेले असते. तेथे त्याला विचारले जाऊ शकते की, हे कुणी मोजले? चौपट म्हणजे इमारतीचे बांधलेले क्षेत्रफळ की भोवतालच्या आवारासह? त्या मापाचा छापील, विश्वासार्ह संदर्भ कोणता? मुलगा शोधू लागतो तेव्हा त्याच्या ध्यानात येते की, बहुतेक ठिकाणी हेच वाक्य एकमेकांवरून उतरवलेले आहे आणि मोजमाप कुणीच दिलेले नाही. याउलट, वास्तुरचनाकार चार्ल्स मँट होते आणि बांधकाम १८९० मध्ये पूर्ण झाले, या गोष्टींना त्याला पुस्तकांतून आधार मिळतो. अनेकदा ऐकलेली गोष्ट आणि पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट यांतला फरक नागरिकशास्त्राच्या धड्यातून इतक्या लख्खपणे कळत नाही.

प्रत्येक लेखाचा संपूर्ण इतिहास तेथे उघडा असतो. कोणत्या दिवशी कुणी कोणता शब्द बदलला, हे पाहता येते, आणि चर्चापानावर मतभेद मांडता येतात. छापील पाठ्यपुस्तकात ज्ञान तयार होऊन आलेले दिसते, येथे ते तयार होताना दिसते. आपले वाक्य पुसले गेल्याचा पहिला अनुभव मुलांना झोंबतो, हे मात्र खरे. अशा वेळी शिक्षकाने शेजारी बसून, वाक्य का काढले असेल याची चर्चा करणे आवश्यक असते, नाहीतर मूल दुखावून परत फिरते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

बडोद्यातल्या मराठी मुलांना येथे एक खास संधी आहे. घरी मराठी, रस्त्यावर आणि मित्रांत गुजराती, शाळेत बहुधा इंग्रजी, अशा तीन भाषा ती सहज वापरतात. इथल्या वास्तूंची, तलावांची, संस्थांची माहिती गुजराती पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत असते, जी पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या मुलाला वाचता येत नाही. ती माहिती पडताळून मराठीत आणणारे मूल, आपल्याला अडचण वाटणाऱ्या भाषांच्या सरमिसळीलाच कामाला लावते. ज्या घरांत मुलांचे मराठी बिघडले अशी खंत वाहिली जाते, तेथे हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

वढवाण्याचे पक्षी

निर्मिती म्हणजे केवळ कथा, चित्रे आणि व्हिडिओ, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. काळजीपूर्वक केलेली नोंद हीसुद्धा निर्मितीच आहे. डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव बडोदा संस्थानाने १९१० मध्ये सिंचनासाठी बांधला आणि २०२१ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. हिवाळ्यात तेथे हिमालय ओलांडून पट्टकादंब हे हंस येतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘ई-बर्ड’ या व्यवस्थेत अशा सहलीची यादी भरता येते.

यादी भरताना ‘खूप पक्षी दिसले’ असे लिहून चालत नाही. निरीक्षण किती वाजता सुरू केले, किती वेळ केले, किती अंतर चाललात, प्रत्येक जातीचे किती पक्षी मोजले, आणि ओळखता आलेल्या सर्व जाती नोंदवल्या की निवडक, हे सांगावे लागते. एखाद्या मुलाने त्या भागात सहसा न दिसणाऱ्या पक्ष्याची नोंद केली, तर त्या परिसराची माहिती असलेला स्वयंसेवक ती तपासतो आणि छायाचित्र किंवा वर्णन मागतो. ‘पायांचा रंग पाहिला होता का’ या एका प्रश्नाने पुढच्या वेळी दुर्बीण पायांकडेही वळते. २०२३ च्या ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला, आणि त्याचा आधार ३० हजारांहून अधिक निरीक्षकांनी ई-बर्डवर भरलेल्या नोंदी हा होता. वढवाण्याच्या काठावर वहीत रेघोट्या ओढून पट्टकादंब मोजणाऱ्या विद्यार्थ्याची यादी अशा नोंदींत मिळते, तेव्हा विज्ञान हा केवळ पाठांतराचा विषय राहत नाही.

कुणाचे घ्यावे, कसे घ्यावे

इतरांच्या कामावर आपले काम उभारायचे तर चोरी आणि आधार यांतली रेषा मुलांना लवकर कळायला हवी. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि लेखकाच्या हयातीत व त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर यांचे निधन १९३७ मध्ये झाले, बालकवींचे १९१८ मध्ये. त्यांच्या कविता मुलांनी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित कराव्यात, चाल लावावी, त्यांवर चित्रपट्टी करावी, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. वि. स. खांडेकर यांचे निधन १९७६ चे असल्याने त्यांच्या कादंबरीचे संपूर्ण अभिवाचन प्रकाशित करण्यासाठी मात्र अजून परवानगी लागेल. राजा रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले, त्यामुळे फत्तेसिंह संग्रहालयात पाहिलेल्या त्यांच्या चित्रावरून एखाद्या मुलीने स्वतःची दमयंती रंगवली, तर ती पूर्णपणे मोकळी आहे.

याखेरीज ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ नावाचे परवाने आहेत, जे २००२ पासून वापरात आले. त्यांत निर्माता आधीच सांगून ठेवतो की माझे काम वापरा, पण माझे नाव द्या, किंवा नाव द्या आणि तुमचे कामही असेच खुले ठेवा. विकिपीडियावरील मजकूर आणि स्क्रॅचवरील प्रकल्प अशाच परवान्याखाली असतात. कायद्यापेक्षाही येथे सवय महत्त्वाची आहे. ‘मूळ कल्पना अमुक यांची, मी पार्श्वभूमी आणि गुण मोजण्याची पद्धत बदलली’ असे एक वाक्य लिहायला लावले, की आपण स्वतः नेमके काय केले याचाही हिशेब मुलाला मांडावा लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची मदत घेतली असेल तर तीही याच वाक्यात सांगावी. साधनाने संपूर्ण खेळ लिहून दिला, तर मगर उलटी का झाली हे शोधण्याचा तासभर वाचतो, पण शिकणे त्या तासातच दडलेले होते.

पसंतीचे अंगठे

आता धोक्यांकडे वळू. त्यांतला एक फारसा बोलला जात नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितले. काही दिवसांनी रंग पुन्हा मुलांसमोर ठेवले, तेव्हा प्रमाणपत्राच्या आशेने चित्रे काढलेली मुले इतर मुलांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढत बसली. आवडीच्या कामाला बक्षिसाचे आमिष जोडले की, काम हे बक्षिसाचे साधन होऊन बसते. समाजमाध्यमांवरील पसंतीच्या अंगठ्यांची मोजणी नेमके हेच करते. मूल मग चांगले जमलेले पुन्हा करण्याऐवजी जास्त अंगठे मिळालेले पुन्हा करते. म्हणून जेथे आकडा ठळक दिसतो अशा ठिकाणांपेक्षा जेथे शब्दांत प्रतिसाद मिळतो अशी ठिकाणे मुलांसाठी अधिक चांगली. आईवडिलांनीही ‘किती जणांनी पाहिले’ असे विचारण्यापूर्वी ‘कुणी काय म्हटले, आणि तू त्यात काय बदललेस’ असे विचारावे.

बाकीची काळजी अधिक परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. काम प्रकाशित करावे, ओळख नाही. खरे नाव, शाळेचा गणवेश, घराचा परिसर, रोजची येण्याजाण्याची वेळ कामात दिसू नये, आणि छायाचित्रात दडलेली स्थानाची नोंद आधी बंद करावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानतो, त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवतो आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. त्रास झाला तर मुलाने घरी सांगावे, असे वातावरण घरात असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. फोन काढून घेतला जाईल या भीतीने मुले गप्प बसतात आणि प्रकरण हाताबाहेर जाते. बालकांसाठी १०९८ आणि आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असावेत.

यापेक्षा मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातील मुलांचा विचार झाला. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, परंतु फोन वापरता येणाऱ्यांतही स्वतःचा फोन असण्याचे प्रमाण मुलींपेक्षा मुलग्यांत दुपटीहून अधिक होते. शहरातही अनेक घरांत भावाला फोन मिळतो आणि बहिणीला तो मागावा लागतो. मागून घेतलेल्या दहा मिनिटांत व्हिडिओ पाहता येतो, पण खेळ रचता येत नाही किंवा लेख लिहिता येत नाही, कारण निर्मितीला सलग वेळ आणि पुन्हा त्याच जागी परत येण्याची खात्री लागते. त्यामुळे निर्मितीचे काम घरच्या फोनवर सोडून दिले, तर त्याचा लाभ ज्यांना आधीच अधिक मिळते त्यांनाच मिळेल.

शाळांच्या संगणककक्षात शाळा सुटल्यावर तासभर दारे उघडी ठेवणे, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम नको. आठवड्यातून दोनदा, त्याच मुलींना आणि मुलग्यांना, त्याच यंत्रावर बसता आले आणि एक शिक्षक किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी शेजारी असला, तरी पुरे. पहिले काम जगापुढे ठेवण्याची घाई करू नये. आधी ते वर्गातल्या दुसऱ्या गटाने वापरून पाहावे, कुठे अडखळलो ते लिहून द्यावे, मग सुधारलेली आवृत्ती शेजारच्या शाळेला पाठवावी आणि त्यानंतरच ती सर्वांसाठी खुली करावी. विषय मोठा असण्याची गरज नाही. दांडिया बाजारातल्या आपल्या गल्लीतील जुन्या वाड्याची टिपणे, आजीच्या तोंडच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, सुरसागराच्या काठावर एका सकाळी दिसलेल्या पक्ष्यांची यादी, यांपैकी काहीही चालेल, फक्त ते मुलाने स्वतः निवडलेले असावे आणि ते कुणासाठी करतो आहोत हे त्याला सुरुवातीलाच विचारावे.